उंच फोर बाय फोरमध्ये चढायला पायरी करायची आहे. कुठली, आणि किती उंचीवर?

रानवाट (धागाकर्ता)

गाडी डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप. सस्पेन्शन २ इंच उचललेलं. टायर आधी २४५/७० आर १६ होते, आता २६५/७० आर १७ आहेत. सपाट फरशीवर टेपने घेतलेली मापं:

जमीन ते दाराचा उंबरा: २५ इंच
जमीन ते सीटची गादी: ३८ इंच
जमीन ते चेसिसची (गाडीच्या लोखंडी सांगाड्याची) खालची कड: १३ इंच

चढणारी मंडळी: आई (वय ७२, उजवा गुडघा दुखरा, पाचवारी साडी), वडील (५ फूट ३ इंच) आणि ११ वर्षांची मुलगी. आठवडाभर नाशिक शहर. सुट्टीला हरसूल, पेठ, त्र्यंबकच्या मागचे कच्चे रस्ते. पावसाळ्यात निफाडकडे वावरातला चिखल.

डोक्यात चार पर्याय आहेत. पाइपचं फूटबोर्ड, रॉक स्लायडर, दार उघडलं की बाहेर येणारी मोटरची पायरी, नाहीतर डंपरला असते तशी लोंबती पायरी. सातपूरला फॅब्रिकेशन करून घेता येईल. जाणकारांनी सांगावं.

मिसळपंथी

पाचवा पर्याय: चौरंग. दार उघडलं की मांडायचा, भोवती रांगोळी, आईंना ओवाळून बसवायचं. हलके घ्या.

वेल्डर_सातपूर

मिसळपंथी हसतायत, पण चौरंगाकडे परत येऊ. आधी हिशोब.

घरातल्या जिन्याची पायरी ७ इंचांच्या आसपास असते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत निवासी इमारतीसाठी कमाल १९० मिमी, म्हणजे साडेसात इंच. तुमच्या गाडीचा उंबरा २५ इंचांवर, म्हणजे साडेतीन पायऱ्या एका ढांगेत. मध्ये एकच पायरी टाकली तर गणिताने ती साडेबारा इंचांवर हवी. पण चेसिसची खालची कडच १३ वर आहे. पायरी तिच्याही खाली गेली की पहिल्याच दगडावर तीच टेकणार. म्हणून बहुतेकांची पायरी १५ इंचांवर येते आणि चढण १५ अधिक १० अशी वाटली जाते. पहिली पायरी नेहमीच सगळ्यात उंच राहते, हे धरून चाला.

आता जमिनीवर ७ इंचांचा काहीतरी ठोकळा ठेवलात तर ७, ८, १० अशी चढण होते. आईंना ती जमेल. तो ठोकळा म्हणजेच मिसळपंथींचा चौरंग.

गोदाकाठचा

आणि ती उंची आली कुठून तेही पाहा. २४५/७० आर १६ चा व्यास ७४९ मिमी, २६५/७० आर १७ चा ८०३. फरक ५४, त्याचा निम्मा २७ मिमी गाडी वर गेली. सस्पेन्शनचे ५१ मिमी धरले की एकूण ७८, म्हणजे तीन इंच. एवढे तुम्हीच चढवलेत, भाऊ. आता आईला पायरी शोधताय.

अवांतर: स्पीडोमीटर ७ टक्के कमी दाखवत असणार. मीटरवर ८० म्हणजे प्रत्यक्षात ८६ च्या घरात. कसारा घाट उतरताना ध्यानात असू द्या.

काळीमाती

मोटरच्या पायरीवर फुली मारा. निदान निफाडच्या मातीत तरी.

तिची रचना अशी: दाराचा सिग्नल मिळाला की मोटर फिरते, दोन जोडदांड्या उघडतात, पायरी खाली आणि बाहेर येते. दार लावलं की चेसिसच्या बाजूला घडी. शहरात झकास, कारण जाताना गाडीखालची मोकळी उंची पूर्ण मिळते. पण आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी घुसते आणि वाळली की सिमेंट. ती जोडदांड्यांच्या पिनांमध्ये बसली की मोटर अडते, कंट्रोलर अडथळा समजून पायरी थांबवतो. मग ती अर्धी बाहेर, अर्धी आत. तशीच गाडी हाणली की बांधावर तुटते.

घ्यायचीच असेल तर पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर पायरी बाहेर असताना पाण्याच्या दाबाने पिना धुवायच्या, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे. ग्रीस अजिबात नको, ते माती धरून ठेवतं. आणखी एक: उंच फूटपाथला खेटून गाडी लावून दार उघडलं की पायरी फूटपाथवर आदळते.

अंबडकर

रॉक स्लायडरबद्दल मोठा गैरसमज आहे. स्लायडर म्हणजे पायरी नव्हे. दगडावर गाडी बसली तर उंबरा चेपू नये म्हणून तो असतो, गाडीचं वजन पेलण्यासाठी. त्यामुळे तो उंबऱ्याला चिकटून, वर बसवतात. तुमच्या गाडीत तो १९-२० इंचांवर जाईल. त्यावर पाय ठेवायला जिथे अडचण आहे तिथे मदत शून्य.

उलट साधं फूटबोर्ड स्लायडर समजून दगडावर टेकवलं तर ते वर वळतं आणि दाराची खालची कड दाबतं. दार उघडेनासं होतं. दोघांचं काम एकाच बांधणीत करायचं असेल तर आतला पाइप स्लायडरचा, जाड, वर बसवलेला. बाहेरचा खाली उतरलेला, फक्त दाराच्या समोर. कमानीसारखा. त्याला हूप स्टेप म्हणतात.

मिसळपंथी

म्हणजे बाळंतिणीच्या खाटेला टांगलेला पाळणा.

अंबडकर

हसा, पण उपमा बरोबर आहे.

वेल्डर_सातपूर

आता बसवण्याचं. बहुतेक फूटबोर्डं इथेच फसतात.

या गाड्यांत चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी. दोघांमध्ये रबरी माउंट. खड्ड्यातून जाताना चेसिस पिळवटते, बॉडी वेगळी हलते. त्यामुळे ब्रॅकेटचा एक पाय चेसिसवर आणि दुसरा उंबऱ्याच्या पत्र्यावर असं कधीही करू नका. आधी खडखड येते, मग पत्र्याला तडा. फक्त बॉडीच्या शिलाईला (पत्र्यांच्या जोडाला) बांधलेलं फूटबोर्ड तर शोभेचंच, माणूस उभा राहिला की शिलाई वाकते. सगळे ब्रॅकेट चेसिसवर. एका बाजूला किमान तीन.

चेसिसला वेल्डिंग करू नका आणि तिच्या वरच्या-खालच्या कडेला नवीन भोकंही पाडू नका. वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण त्याच कडांवर असतो. कंपनीने पाडलेली भोकं उभ्या बाजूला सापडतात, ती वापरा. ती पुरत नसतील तर यू-बोल्ट आणि मागे ८ मिमीची पट्टी. मात्र चेसिसच्या आतल्या बाजूने ब्रेकचे पाइप, डिझेलची नळी आणि वायरिंग जातं. यू-बोल्ट त्यांच्यावरून आवळला तर दिवस भरले. आधी हात घालून चाचपा, बॅटरी मारून बघा.

चेसिस पेटीसारखी बंद असेल आणि बोल्ट आरपार घ्यायचा असेल तर आत नळीचा बुश हवाच. नाहीतर बोल्ट आवळाल तशी पेटी आत दबते. आज घट्ट वाटतं, महिन्याने ढिलं.

मटेरियल: दीड इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) पाइप. नाव दीड इंच असलं तरी बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो, जाडी ३.२५, वजन मीटरला साधारण ३.६ किलो. ब्रॅकेट ६ मिमी प्लेटचे, कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी दिलेली. बोल्ट एम १० (१० मिमी व्यासाचे), ८.८ ग्रेडचे म्हणजे जास्त ताकदीचे, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे), ४५ ते ५० न्यूटन मीटरला आवळलेले. ५०० किमीनंतर परत आवळायचे. आवळून झालं की नट आणि ब्रॅकेटवर पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरलाय.

पाइपची टोकं बंद करणार असाल तर तळाला ६ मिमीचं एक भोक ठेवा. आत दव साचतं आणि पाइप आतून सडतो. वरून पावडर कोटिंग चकाचक, आत चाळण.

रानवाट

एम १० पुरेल? वडील ९० किलोचे आहेत. एम १२ घालू का?

वेल्डर_सातपूर

बोल्टची काळजी सोडा. ९० किलोचा माणूस चेसिसपासून २०० मिमी बाहेर उभा राहिला की ब्रॅकेटवर साधारण १७७ न्यूटन मीटर पीळ येतो. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये ६० मिमी अंतर असेल तर वरच्या बोल्टवर ओढ ३०० किलोंच्या आसपास. माणूस दणकन पाय टाकतो म्हणून दुप्पट धरा, ६००. आणि ८.८ ग्रेडचा एम १० तीन टनांच्या वर ओढ घेतो.

म्हणजे बोल्ट तुटत नाही. फाटतो तो पातळ ब्रॅकेट, नाहीतर वेल्डच्या शेजारचा पत्रा. पैसे तिथे घाला. बोल्टमधलं उभं अंतर ६० वरून १०० मिमी केलं तर ओढ ६०० वरून ३६० वर येते. एम १२ घालण्यापेक्षा हे स्वस्त.

दिंडोरीवाला

पायरीच्या वरच्या भागाबद्दल कोणीच बोललं नाही. सगळे चेकर प्लेट लावतात. ओल्या चिकणमातीत चेकर प्लेटच्या नक्षीत माती भरली की ती साधी प्लेटच होते, वर साबण लावलेली. अॅल्युमिनियमची चमकदार चेकर तर अजून वाईट. खरखरीत काळी पट्टी महिन्याभरात कडेने सुटते.

जाळी घाला. एक्स्पांडेड मेटल, ३ मिमी जाडीची, हिऱ्याच्या आकाराची भोकं. माती खाली पडते आणि कडा तळव्याला धरतात. मात्र कडेला पट्टी वेल्ड करा, नाहीतर साडी अडकेल. अनवाणी पायाला टोचते हेही खरं.

इंदिरानगर_ताई

साडीचा विषय निघालाच आहे तर. पुरुष मंडळी पायरीची उंची मोजतात, निऱ्यांचा घेर कोणी मोजत नाही. पाचवारीत ढांग फार मोठी टाकता येत नाही. त्यामुळे १५ अधिक १० मधली १५ हीच खरी अडचण. नऊवारी नेसणाऱ्या आजी सुनेच्या आधी वर चढतात, हे कुणीही पाहावं.

दुसरं, पायरी बाहेर जास्त आली की तिच्यावरचा चिखल पोटरीला आणि साडीच्या काठाला पुसला जातो. पायरी वापरायची नसली तरी. उपाय पायरीत नाही, पुढच्या चाकामागे रुंद मडफ्लॅप लावण्यात आहे. पायरीवरचा बहुतेक चिखल पुढच्या टायरनेच उडवलेला असतो.

आणि एक विचारते. हात कुठे धरायचा?

गोदाकाठचा

ताईंनी नेमका प्रश्न विचारलाय. एवढ्या प्रतिसादांत सगळे पायाखाली बघतायत.

चढताना नियम एकच: दोन हात एक पाय, किंवा दोन पाय एक हात. तीन ठिकाणी पकड कायम. हायवावर चढणारा अनुभवी ड्रायव्हर बघा, तो हात आधी लावतो, पाय नंतर उचलतो. उतरताना तोंड गाडीकडे, पाठ रस्त्याकडे. उडी नाही.

धरायला जागा नसली की लोक तीन गोष्टी धरतात. एक, दार. ते हलतं, आणि रोज वजन पडलं की बिजागरी झिजून दार लोंबायला लागतं. दोन, स्टिअरिंग. ते फिरतं. तीन, सीटची कड. तिचा फोम बसतो. ड्रायव्हर सीटची बाहेरची बाजू सगळ्या उंच गाड्यांत आधी का फाटते, याचं उत्तर तिथे आहे.

हँडल उभं हवं. आडव्या हँडलवर हात एकाच उंचीवर राहतो, उभ्यावर तो शरीराबरोबर वर सरकतो. खालचं टोक जमिनीवर उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला, लांबी १२ ते १६ इंच. जाडी ३० ते ३५ मिमी, मागे मूठ शिरायला किमान ५० मिमी मोकळी जागा.

अंबडकर

सहमत, पण थांबा. पुढच्या खांबावर परस्पर भोक पाडून हँडल बसवू नका. बऱ्याच गाड्यांत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग त्याच खांबातून छताकडे जाते. खांबाच्या कव्हरवर एअरबॅग असं कोरलेलं असेल तर तिथे ड्रिल नेऊच नका. कंपनीचं हँडल बाजूच्या सीटला असतं, तेच दुसऱ्या बाजूला बसतं का आणि आत तयार बोल्टची जागा आहे का, ते स्पेअर पार्टवाल्याकडून तपासा.

सीटबेल्टच्या वरच्या बोल्टला पट्टा अडकवून हँडल करणारे महाभाग असतात. तो बोल्ट अपघातात माणूस धरतो. त्याला हात लावू नका.

मिसळपंथी

रोल केजला (गाडीच्या आतल्या पाइपांच्या पिंजऱ्याला) बांधायचं पट्ट्याचं हँडल चालेल का? जीपवाले लावतात.

गोदाकाठचा

तरुणांना चालतं. पट्टा झुलतो, आणि झुलणाऱ्या वस्तूवर गुडघेदुखीच्या माणसाने भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा दाराचं कुलूप जिथे अडकतं ना, मधल्या खांबावरचा तो लोखंडी कडीसारखा भाग, त्यात खोचायचं सुटं हँडल मिळतं. ती कडी धडकेत दार बंद ठेवण्यासाठी बनवलेली, त्यामुळे मजबूत. चढण्यापेक्षा उतरताना जास्त कामाचं. दार लावण्याआधी काढायचं मात्र. विसरलात तर दाराचा पत्रा गेला.

फिजिओ_पंचवटी

आईंचा उजवा गुडघा दुखतो, तर कुठल्या दाराने चढायचं हे आधी ठरवा. हे फुकट आहे आणि पायरीपेक्षा जास्त उपयोगी.

आपल्याकडे जिन्याचा नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. डावीकडच्या दाराने बसताना माणूस डावा पाय पायरीवर ठेवतो आणि उजवा आत टाकतो. म्हणजे अंग उचलायचं काम डावा पाय करतो. उतरताना तोंड गाडीकडे ठेवलं की डावा पायरीवर राहतो आणि उजवा आधी जमिनीला लागतो. म्हणजे उजवा गुडघा दुखत असेल तर डावं दार. डावा दुखत असता तर उजवीकडचं मागचं दार.

दुसरी पद्धत अशी: पायरीवर दोन्ही पाय, पाठ सीटकडे, आधी बसायचं, मग पाय आत. तुमची सीट ३८ वर, पायरी १५ वर, फरक २३ इंच. खुर्ची १७-१८ इंचांची असते. म्हणजे उंच स्टुलावर बसल्यासारखं.

गोदाकाठचा

याला माझा स्पष्ट विरोध. १५ इंच उंचीवर, ओल्या पायरीवर, ७२ वर्षांच्या बाईने पाठ फिरवायची? तीन ठिकाणची पकड तिथेच सुटते.

फिजिओ_पंचवटी

पायरी ४ इंच रुंद असेल तर तुमचं बरोबर. पूर्ण पाऊल मावेल अशी, ८ इंच, असेल आणि हाताला उभं हँडल असेल तर करता येतं. तरी मान्य, पावसात पहिलीच पद्धत. आणि सीटवर सहज वळता यावं म्हणून प्लास्टिकची पिशवी अंथरतात, ती या उंचीवर नको. बसता बसता घसरून खाली.

दिंडोरीवाला

८ इंच रुंद पायरी पेठच्या रस्त्यावर? आधीच पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) लांब, मधलं पोट टेकायला निमित्तच हवं असतं. वर दोन्ही बाजूंना अजून आठ इंच.

अंबडकर

आठ इंच अख्ख्या लांबीला कशाला? फक्त डाव्या पुढच्या दारासमोर. १४ इंच लांब, ८ रुंद. बाकी ठिकाणी पाच पुरे. पाचपेक्षा कमी मात्र करू नका, नुसता चवडा टेकतो आणि नडगी उंबऱ्याला आपटते.

काळीमाती

लोंबत्या पायरीचं राहिलं. डंपर, पोकलेनला सगळ्यात खालची पायरी रबराच्या पट्ट्यावर टांगलेली असते. दगड लागला की मागे दुमडते, तुटत नाही. कन्व्हेअर बेल्टचा १० ते १२ मिमी जाड तुकडा, दोन्ही टोकांना वेगळा, मध्ये पायरी. अडचण एवढीच की पाय ठेवला की ती गाडीखाली आत सरकते. पट्टा ६ इंचांपेक्षा लांब ठेवला तर झोपाळा. मुलगी खूश होईल, आई नाही.

कायदेपंडित

धाग्यात मिठाचा खडा टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच ठासून सांगितलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने पुढच्या बुल बारवर (बंपरसमोरच्या लोखंडी गार्डवर) कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. बोल्टवर बसणारी, गाडीच्या रुंदीबाहेर न जाणारी पायरी आणि बुल बार एका मापाने मोजता येत नाहीत. पण धारदार टोकं, आरशाच्याही बाहेर आलेला पाइप असं काही करू नका. कंपनीची अॅक्सेसरी बिलासकट घेतली तर विम्याच्या वेळी वाद कमी.

मिसळपंथी

२ इंच लिफ्टबद्दल पंडितांनी सोयीस्कर मौन पाळलंय.

कायदेपंडित

धागा पायरीचा आहे.

इंदिरानगर_ताई

शहरातल्या शहरात तर अजून सोपं. गाडी ओट्याला किंवा फूटपाथला खेटून लावा. ६ इंचांचा फूटपाथ मिळाला की १५ ची पायरी ९ वर आली. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे ओटे याहून उंच. आपल्या आज्या तिथूनच टांग्यात बसायच्या.

रानवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं.

मोटर आणि लोंबती पायरी बाद. दोन्ही बाजूंना दीड इंची पाइप, प्रत्येकी तीन ब्रॅकेट, सगळे चेसिसच्या उभ्या बाजूच्या तयार भोकांत. बोल्टमधलं उभं अंतर १०० मिमी. पायरी १५ इंचांवर. रुंदी ५, आणि डाव्या पुढच्या दारासमोर १४ बाय ८ ची जाळी, कडेला पट्टी. मडफ्लॅप रुंद. हँडलचं आत तपासून बघतो, तयार जागा नसेल तर मधल्या खांबाच्या कडीचं सुटं. आई डाव्या दारानेच.

एकच प्रश्न उरला. ७ इंचांचा ठोकळा कुठला घ्यावा? प्लास्टिकचं घडीचं स्टूल ९ इंचांचं मिळतंय.

वेल्डर_सातपूर

९ चालेल. ९, ६, १० होईल. फक्त चिखलात त्याचे चार पाय रुततात आणि एक जास्त रुतला की कलंडतं. खाली प्लायवुडचा फूटभर चौकोन टाका. आणि दोरी बांधा, म्हणजे आई बसल्यावर त्यांनाच वर ओढून घेता येईल. नाहीतर स्टूल हरसूलला आणि तुम्ही नाशकात.

मिसळपंथी

चौरंगाला चार पाय असतात, पाटाला खाली दोन पट्ट्या. पाट रुतत नाही. मी काही बोलत नाही.

वेल्डर_सातपूर

पाट दीड-दोन इंचांचा असतो हो. चार एकावर एक ठेवणार का?